खाराबादचा दिवाण आणि माझी शिलाई मशीन

जळगाव जामोद,
रविवार, दुपार (जेवणं झाली आहेत, भांडी तशीच आहेत)

तीर्थस्वरूप मंजुळाताई यांना जयमालाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठातली दोन अंगं सध्या वजा धरावीत. बाकीची सहा तुमच्या पायांशी आहेत.)

आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं कसं आहे ते पुढे कळेलच. तुमची शुगर, तुमच्या सूनबाईंचा खोकला आणि तुमची ती मारकी गाय, तिघींची खुशाली कळवावी. दुसरबीडला यंदा हरभरा चांगला आल्याचं ऐकून आनंद झाला. त्यातला थोडा इकडे येणार असल्याचं मात्र अजून ऐकलेलं नाही.

मध्यंतरी तुम्ही फोनवर विचारलं, की जयमाले, तू आणि पुंजा एकमेकांशी बोलत नाही, आणि बोललात तर खोटे राजे-दिवाण बनून बोलता, हे खरं आहे का? ही बातमी तुमच्यापर्यंत कशी आली ते मला ठाऊक आहे. तुमचे भाऊ न्हाणीघरात नळ सोडून तुम्हाला फोन करतात. (आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यातलं अर्धं तुमच्या बहीण-भावाच्या मायेत जातं.) फोनवर मी उत्तर दिलं नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात ती सोय आहे. पत्र वाचताना मध्ये बोललात तरी मला ऐकू येणार नाही.

तर हो, खरं आहे. आता पहिल्यापासून सांगते.

तुमचा भाचा, आमचा प्रेम, दिवाळीत पुण्याहून आला तो परत गेलाच नाही. त्याने नोकरी सोडली की नोकरीने त्याला सोडलं, हे विचारायचं नाही असं घरात न बोलता ठरलं. पोरगं दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. ताटात वाढलं तर खायचं, नाही वाढलं तर आठवण करून द्यायचं नाही. मग एक दिवस त्याचा चेहरा उजळला. एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्याला घरबसल्या काम दिलं होतं. काम काय, तर एक राज्य उभं करायचं. मी म्हटलं, बापा, इथं तुझ्या आजोबांच्या वेळचं गोठ्याचं कुडाचं दार उभं करायचं राहिलंय, आधी ते कर.

हा खेळ कसा असतो ते सांगते, कारण मलाही समजायला वेळ लागला. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. चार-दोन माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो. (आमच्याकडे तो प्रेम.) बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपापल्या माणसाच्या तोंडून बोलतात. कोणी म्हणालं, मी भिंतीवरून उडी मारतो, की बोराएवढा वीस बाजूंचा फासा टाकायचा. बरा पडला तर उडी, वाईट पडला तर तंगडी. एवढंच. पण ज्या मुलखात ही गोष्ट घडते तो मुलूख आधी कोणीतरी रचून ठेवावा लागतो. राजा कोण, नद्या कुठे, भुतं कोणत्या जातीची, लोक खातात काय, कोणाचं कोणाशी वाकडं आहे. कंपनीला आपल्या वऱ्हाडाच्या जुन्या सुलतानी काळासारखा मुलूख पाहिजे होता, पण जादूसकट. म्हणजे इतिहास पाहिजे, पण त्या इतिहासावरून कोणी भांडायला येऊ नये, असा.

पहिल्या दिवशी त्याने राजधानीचं नाव ठेवलं झारगोथ. मी विचारलं, हे खोकल्याचं औषध आहे का? मग त्याने जरा आजूबाजूला बघितलं. आपल्या इकडच्या विहिरी खाऱ्या, तर याच्या राज्याच्याही विहिरी खाऱ्या. प्रत्येक विहिरीत एक रडका जीन बसलेला, त्याच्या आसवांनी पाणी खारट झालेलं. (पाणी खारं का याची आजवर ऐकलेल्या सगळ्या कारणांपेक्षा मला हेच जास्त पटलं.) राजधानी झाली खाराबाद. नकाशाच्या वरच्या अंगाला सातपुडा, फक्त त्याचं नाव बदललेलं. डोंगरात त्याला एक आग ओकणारा, पंखांचा अजगर ठेवायचा होता. तुमच्या भावाने वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "एवढं मोठं जनावर चरते कुठं?" झालं. अजगर बाद. त्याच्या जागी शंभर वर्षं झोपणारी, टेकडीएवढी घोरपड आली. झोपलेल्या जनावराला चारा लागत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. मधल्या काळात मी मलकापूरला बहिणीच्या नातीच्या बारशाला गेले होते. दोन दिवस राहिले, बस धरून परत आले, समोरच्या खोलीत पाय टाकला, तर माझी मशीन जागेवर नाही.

ताई, ती खोली तुम्हाला माहीत आहे. रस्त्याकडे खिडकी आहे, बायका जाता-येता माप देतात, ब्लाऊज नेतात, सासूची चुगली ठेवून जातात. अर्ध्या गावाच्या पोरींना मी त्या खिडकीपाशी काज-बटण शिकवलं. माझं लग्नातलं काही या घरात शिल्लक असेल तर ती पायमशीन, लोखंडी स्टँडची, दोन गडी लागतात उचलायला. ती जिथे होती तिथे आता जेवणाचं टेबल होतं. टेबलावर मोठमोठे कागद पसरले होते. आणि टेबलाशी, वेताच्या खुर्चीत, पंख्याखाली, हातात पट्टी घेऊन तुमचे भाऊ बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की निवृत्तीच्या दिवशी नारळ घेतानासुद्धा मी पाहिलं नव्हतं.

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत होती. एका बाजूला गोवऱ्या, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, मध्ये माझी मशीन, डोक्यावर सायकल.

मी समोर येऊन उभी राहिले. त्यांनी नकाशावरून मान वर केली, मागच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिथं हवा चांगली येते."

एवढंच. ना चुकलं, ना माकलं. हवा चांगली येते.

(इथे एक गोष्ट नम्रपणे लिहिते. त्याच्या आदल्याच आठवड्यात तुम्ही फोनवर त्यांना म्हणाला होतात, की निवृत्त झालेल्या पुरुषाला घरात बसायला हक्काची जागा पाहिजे. नळ चालू होता, पण तुमचा आवाज नळाच्या वरचा आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त लिहून ठेवते.)

त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. माझा अबोला म्हणजे आदळआपट नसते. जेवायला वेळेवर, चहा वेळेवर, शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर प्रेममार्फत. तुझ्या बाबाले सांग, भाजी अळणी लागत असन तं खाराबादच्या विहिरीतून पाणी आणा. तुझ्या मायले सांग, मोजे सापडून नाही राह्यले. पोरगं दोघांच्या मध्ये मान वळवून वळवून अवघडलं. पुण्यात मॅनेजर एक होता, इथे दोन झाले.

आणि तिकडे टेबलावर काय चाललं होतं? तुम्हाला माहीत आहेच, तुमच्या भावाने जन्मभर लोकांच्या शेतांच्या मोजण्या केल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. अंगणात येरझारा घालायचे आणि अंगण रोज तेवढंच निघायचं. त्यांच्या हाती पोराने एक आख्खं राज्य दिलं, ज्याची कधीच मोजणी झालेली नाही! माणूस तुटून पडला. प्रेमने एका कोपऱ्यात हिरवा रंग मारून भुतांचं रान लिहिलं होतं. यांनी ते सरकारी नोंदीत झुडपी जंगल म्हणून लावलं, त्यामुळे आता भुतांना तिथे पक्कं बांधकाम करता येत नाही. जादूगाराचा मनोरा गायरानात निघाला, त्याला अतिक्रमणाची नोटीस. एक किल्ला प्रेमने असा ठेवला होता, की तो फक्त पौर्णिमेला दिसतो. हे म्हणाले, "मंग मोजणी पौर्णिमेलेच लावा लागन. अन् लगतच्या खातेदाराईले आधी कळवा लागन." लगतचा खातेदार म्हणजे विहिरीतला जीन. झोपलेली घोरपड दोन गावांच्या शिवेवर आडवी पडली आहे, हे लक्षात आल्यावर तर त्यांना जेवण गोड लागेना. डोकं एका गावात, शेपूट दुसऱ्या. उद्या ती उठली तर पंचनामा कोणी करायचा?

प्रेम कळवळून म्हणायचा, "बाबा, हे सगळं खोटं आहे. कल्पना आहे."

"असू दे ना. पण हद्द तं पाहिजे."

मी आतून सगळं ऐकायची. हसू यायचं, पण अबोल्यात हसलं की तो पातळ होतो, म्हणून पदर तोंडात धरायची.

राज्य झालं तयार. आता कंपनी म्हणाली, एकदा खेळून बघा आणि कसं झालं ते ध्वनिमुद्रण करून पाठवा. खेळायला माणसं कुठून आणायची? प्रेमचे सगळे मित्र पुण्या-मुंबईला. तेवढ्यात उमैमा आली. गुलजारभाईंची मुलगी, आठवते ना? माझ्याकडे शिवण शिकली, आता शाळेत शिकवते. ड्रेसचं माप द्यायला आली होती. माप द्यायला तिला गोवऱ्यांवरून पाय टाकत पत्र्याच्या खोलीत यावं लागलं, तेव्हा तिने सगळं काही न विचारताच ओळखलं. प्रेमने तिला धरून टेबलाशी बसवलं. तिने एकच अट घातली, मी चोर होणार. दिवसभर पोरांना खरं बोला, खरं बोला सांगते, म्हणे. सुट्टीत तरी चोरी करू द्या.

तुमचे भाऊ सुलतानाचे दिवाण झाले. (त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते आधीपासूनच होते.) आता उरली डोंगराच्या घाटाची पाटलीण, जिच्या परवानगीशिवाय घाटातून चिमणी जात नाही. प्रेमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला कपडे वाळत घालायचे आहेत.

उमैमा म्हणाली, "काकी, तुम्ही काकाशी थोडीच बोलणार? पाटलीण बोलन दिवाणाशी. त्याच्यानं तुमचा अबोला कसा मोडन?"

मास्तरीण आहे, फट बरोबर सापडते तिला. मी विचार केला. मुद्दा बिनचूक होता. मी हात पुसले आणि बसले. प्रेमने माझ्या पाटलिणीचं नाव वनश्री ठेवलं होतं. ते बदलून मी कडूबाई ठेवलं.

गोष्ट अशी सुरू झाली. घोरपड जागी झाली आहे. भुकेली आहे. डोंगर उतरून खाराबादकडे निघाली आहे. तिला पुन्हा झोपवणारं गोडं पाणी फक्त घाटमाथ्यावरच्या एका झऱ्यात आहे. दिवाणाने आणि चोराने घाटातून जाऊन ते आणायचं. सोपं काम. प्रेमच्या अंदाजाने घाटाचा प्रसंग चहा निवायच्या आत संपायला हवा होता.

दिवाण घाटात आले. तुमच्या भावाने घसा साफ केला. कितीतरी दिवसांनी ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "पाटलीणबाई, सुलतानाचा हुकूम हाय. वाट मोकळी करा."

"कोणाची वाट?" कडूबाई म्हणाली.

"सुलतानाची. नव्या मोजणीत घाट सुलतानाच्या हद्दीत निघाला."

"असं का? मोजणी कवा केली?"

"तुम्ही बारशाले गेल्या होत्या तवा."

प्रेमच्या हातातला फासा खाली पडला आणि टेबलाखाली गेला. तो काढायला तो जो वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

ताई, त्यानंतर कडूबाई काय काय बोलली ते सगळं लिहीत नाही, तुमच्या घरी नातवंडं पत्र वाचतील. थोडक्यात सांगते. माणूस गावाला गेला की त्याची जागा सरकारजमा होते, हा कोणत्या सुलतानाचा कायदा, असं तिने विचारलं. ज्या दिवाणाने जन्मभर दुसऱ्याचे बांध हातभर सरकले तर लोकांना उन्हात उभं केलं, त्याने स्वतःच्या राज्यात कोणाचा बांध कुठे सरकवला, हे सुलतानाला सांगू का, असंही विचारलं. उमैमाने मध्येच हळूच आठवण करून दिली, की काकी, घोरपड येऊन राह्यली. कडूबाई म्हणाली, येऊ दे.

दिवाण म्हणाले, "जागा घेतली तं दुसरी दिली ना? मांगं दिली. तिथं हवा..."

"हवा! दिवाणजी, पुन्हा हवेचं नाव काढाल तं कडेलोट करीन."

प्रेमने टेबलाखालूनच सांगितलं, की घोरपडीने वेस तोडली, बाजारपेठ खाल्ली. कोणी लक्ष दिलं नाही. मग दिवाणांचा आवाज एकदम खाली आला. ते नकाशाकडे बघत म्हणाले, "पाटलीणबाई, मी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उन्हात उभा राह्यलो. घरी आलो तं माहेरवाशिणी बसेल, पोरी बसेल, कापडं पसरेल. मी मांगच्या दारानं आत जाओ. मले सावलीत एका खुर्चीची जागा नाही का तुमच्या घाटात?"

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ते मागच्या दाराने येतात हे मी रोज बघत होते. मला वाटायचं चपलांना चिखल असतो म्हणून.

पण कडूबाई कडूबाईच. "खुर्चीची जागा मांगतली असती तं दिली असती. मांगतली का कधी?"

"नाही."

"काऊन नाही?"

"सवय नव्हती."

तिकडे उमैमाचा फासा वाजत होता. ती एकटीच खेळत होती. आम्ही बांधावर भांडत असताना घोरपडीने टांकसाळ, हत्तीखाना आणि राजवाडा खाल्ला, शेवटी सुलतानाला तख्तासकट गिळलं. आणि या बाईने पहारेकरी पळालेले बघून सगळा खजिना लुटून घरी नेला. शिक्षण खात्यात अशी माणसं आहेत म्हणून पोरं हुशार निघतात.

प्रेम टेबलाखालून वर आला. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, राज्य बुडालं म्हणून. तो म्हणाला, "खाराबाद संपलं. दिवाण घाटात एकटा उभा आहे. त्याच्याकडे आता राज्य नाही, हुकूम नाही. दिवाण काय करतो?"

तुमचे भाऊ म्हणाले, "पाटलीणबाईले जागा मांगतो."

इथे मी थांबायला पाहिजे होतं. पण जिभेवर आलेलं गिळायची विद्या मला अजून यायची आहे. मी म्हटलं, "देते ना. मांगं, शेळ्याईजवळ. हवा चांगली येते."

उमैमा खदखदून हसली. प्रेम हसला नाही. तुमचे भाऊही हसले नाहीत. पट्टी कागदावर ठेवली आणि आत जाऊन पडले. संध्याकाळी जेवताना त्यांनी मोज्यांचासुद्धा निरोप पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर... म्हणजे गॅसवर भाकरी टाकत होते, तर मागून खरखर असा आवाज. मला वाटलं मांजरीने पंप पाडला. मग दुसऱ्यांदा. मग समोरच्या खोलीच्या दाराशी धप्प. जाऊन बघते तर तुमचे भाऊ मशीन एकट्याने ओढत तिथपर्यंत घेऊन आलेले. स्टँड उंबऱ्यावर चढवायला ते वाकले होते. दोन गडी लागतात त्या स्टँडला, ताई, आणि हे एक, तेही निवृत्त.

मी ओरडले, "अहो, सोडा ते! कंबर जाईन!"

ते तसेच वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "गेली."

इतक्या दिवसांचा अबोला मोडला तो असा. त्यांना तिथून सरळ करता येईना. मी एका बाजूने, प्रेम दुसऱ्या बाजूने, तसंच घडी घातल्यासारखं उचलून पलंगावर नेलं. मशीन उंबऱ्यात, अर्धी आत, अर्धी बाहेर. दोन दिवस ती तिथेच होती, कारण हलवणार कोण? मी तिथेच स्टूल टाकून बसायची. गिऱ्हाईक बाहेरच्या बाजूने माप द्यायचं, घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करायची. उमैमाच्या ड्रेसला तिथेच बाही लावली. तुमचे भाऊ पलंगावरून बघायचे. एकदा म्हणाले, "उंबरा म्हणजे सामाईक हद्द असते." मी म्हटलं, पडून राहा.

डॉक्टरांनी पडून राहायलाच सांगितलं आहे. बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मोजणीबद्दल काही बोलले नाहीत, त्यामुळे ती चालू आहे. त्यांनी पलंगावरून सूचना देऊन प्रेमकडून खोलीच्या मधोमध खडूची रेघ मारून घेतली. खिडकीकडची बाजू माझी, पंख्याकडची त्यांची. मशीन आत आली, वेताची खुर्चीही राहिली. रेघ मी पायाने थोडी तिकडे सरकवली आहे, पण हे त्यांना उठून बसल्यावर कळेल.

आणि खाराबाद? मला वाटलं पोराचं काम गेलं. एवढं राज्य रचलं आणि पहिल्याच खेळात जनावराने खाल्लं. प्रेम दोन दिवस पुन्हा भिंतीकडे बघत होता. मग त्याने तेच लिहून काढलं. आता त्याच्या मुलखात खाराबाद उद्ध्वस्त आहे. अवशेषांवर घोरपड पोट भरून झोपली आहे. तिच्या पोटात सुलतान अजून जिवंत आहे, तख्तावर बसून आतूनच हुकूम सोडतो, आणि ते मानायचे की नाही यावरून बाहेर चार सरदारांची जुंपली आहे. घाटात कडूबाई आहे. तिच्या गोठ्यात एक बेकार दिवाण राहतो, त्याच्याकडे सगळ्या राज्याचा नकाशा आहे आणि कंबर नाही. कंपनीच्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, घोरपडीपेक्षा ही दोन माणसं जास्त भीतीदायक आहेत, यांना काढू नका. प्रेम त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला. माझ्या दृष्टीने खेळ तिथेच यशस्वी झाला.

असो. तुमच्या भावाचा आणि माझा अबोला आता संपला आहे. उलट ते इतकं बोलतात, की मी जुने दिवस आठवते. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गाईला लांबूनच काय ते. आता भांडी घासायला उठते.

आपली,
जयमाला

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. कंपनीने कडूबाईला पुण्याला बोलावलं आहे. चार लोकांसमोर बसून खेळून दाखवायचं आहे. उमैमाने सुट्टी काढली आहे, प्रेम सोबत येतो आहे, आणि माझी साडी इस्त्री करून तयार आहे. पलंगावरच्या दिवाणांना सांभाळायला माणूस पाहिजे. सख्ख्या बहिणीइतकं मायेचं कोण आहे? तरी येत्या शुक्रवारी निघून यावं. हरभरा आणल्यास उत्तम. निवृत्त पुरुषाला बसायला जागा पाहिजे हा तुमचा सल्ला सध्या लागू होत नाही, त्यांना बसायची बंदी आहे. शेक दोन वेळा, गोळी जेवणानंतर, आणि नकाशा मागितला तर द्यायचा नाही.

ता. क. (दुसऱ्या हाताने) ताई, मी पुंजाजी. माझं अक्षर बरं म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, ते मी उताणा पडून वाचलं. मजकूर बहुतेक बरोबर आहे. एकच दुरुस्ती. मशीन मी हलवली नव्हती. पोराने त्या खेळाचं टेबल मांडायला जागा केली, गोकुळ मेडिकलवाल्याला मदतीला घेतलं आणि दोघांनी मागे नेऊन ठेवली. मी बाजारातून आलो तर खुर्ची रिकामी दिसली, म्हणून बसलो. पुढे मला कोणी विचारलं नाही. सांगितलं असतं, पण पोरगं इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा शीळ वाजवत होतं. तिचा राग त्याच्यावर गेला असता तर त्याने कागद गुंडाळून ठेवले असते. माझ्यावरचा तिचा राग जुना आहे, मला त्याची सवय आहे. तू हे तिला सांगू नको. पाकीट मी बंद करतो आहे.

ता. क. पाकीट उघडं होतं. त्यांना वाकून डिंकाची बाटली घेता येत नाही, हे ते विसरले. मी वाचलं. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसले. मग विचारलं, "तुम्ही नेलीच नव्हती, तं उचलून काऊन आणली?" ते म्हणाले, "नेली कोणी का असंना. होती तं मांगंच ना."

त्यांना चहा करून दिला, साखर घालून. प्रेमला अजून काही बोलले नाही, पुण्यातला खेळ होईपर्यंत बोलणार नाही. परत येताना एसटीत खिडकीशी तो बसेल आणि बाजूला मी, म्हणजे त्याला उठून जाता येणार नाही.

ताई, तुमच्याबद्दल वर जे जे लिहिलं आहे ते सगळं आता खोडायला पाहिजे. पण तसं केलं तर आख्खं पत्र पुन्हा लिहावं लागेल आणि भांडी अजून तशीच पडली आहेत. तेव्हा ते असू द्या. या वेळी लागू पडलं नाही, तरी पुढे केव्हातरी पडेलच. शुक्रवारी वाट बघते.